गावाला गेलेल्यांची भाकरी

मुखेडच्या आनंदराज सोनकांबळेंची धम्मप्रिया लहानपणापासनंच अशी. चुलीवर दूध उतू चाललंय, ही समोर बसलीय, डोळे टक्क उघडे, बघून बी राहिलीय, आन् दूध सगळं राखेत. "काय गं, दिसलं न्हाई का तुला?" म्हणून विचारलं तर म्हणायची, "दिसलं की आत्या. लई छान वर येत होतं." आता अशा पोरीला धपाटा घालावा का पोटाशी धरावं? तिची आत्या पारूबाई दोन्ही करायची. धपाटा आधी.

आई लवकर गेली, म्हणून आत्यानंच वाढवली. वाढवली म्हणजे काय, हाका मारून मारून जमिनीवर ठेवली. पोरगी नांदेडला राहून डिप्लोमा करून आली, तिशीला टेकली, तरी डोळ्यांतलं ते धुकं काही हटलं न्हाई. फरक इतकाच की दुधाच्या जागी कंप्युटर आला.

आन् कंप्युटर तरी कसले! नांदेडच्या कुठल्याशा कॉलेजानं मोडीत काढलेले, टेम्पोत घालून आणलेले. एकाचा डबा पिवळा पडलेला, दुसऱ्याच्या पंख्याला दमा, एकासारखा दुसरा न्हाई. झालं असं की आनंदराज एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झाले आन् घरात बसून बसून बेजार झाले. मग त्यांनी विहाराच्या बाजूच्या हॉलात अभ्यासिका काढली. पोलीस व्हायचंय, तलाठी व्हायचंय, नर्स व्हायचंय अशी गावातली आन् आसपासच्या तांड्यावाड्यांवरची पोरंपोरी तिथं येऊन बसायला लागली. त्यांना टेस्ट सोडवायला मशीनं पाहिजेत. मशीनं आली खरी, पण बटन दाबलं की नुसती घरघर. आजकालची तयार सिस्टिम त्यांना पेलतच नव्हती. म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपावी तसं.

धम्मप्रियानं मग आपल्या ढंगाचा उपाय काढला. तयार पीठ आणायचंच न्हाई. जोंधळा आणायचा, निवडायचा, आन् ज्याच्या त्याच्या दातांना चावंल तसा घरीच दळायचा. कंप्युटरच्या दुनियेत अशी एक सिस्टिम हाय, जेंटू म्हणतात तिला. ती शिजूनबिजून येत न्हाई, कच्चीच येते, सोर्स म्हणून. प्रत्येक मशीननं ते सोर्स आपलं आपण दळायचं, आपल्या अंगापुरतं. आन् ह्या सगळ्याच्या मधोमध असतो गाभा. इंग्रजीत कर्नेल म्हणतात त्याला. कळ दाबली की पडद्यावर अक्षर उठतं, माऊस हलवला की बाण पळतो, ती सगळी त्या गाभ्याची करामत. गाभ्याची ज्याच्याशी ओळख न्हाई, ती वस्तू टेबलावर पुढ्यात पडलेली असली तरी त्या मशीनच्या लेखी जगातच न्हाई.

म्हणून दळायच्या आधी गाभा विचारून घेतो. आन् काय विचारतो! अमक्या जातीचं कार्ड हाय का? तमक्या जातीचा कॅमेरा? हौशी माणसं आभाळात बोलतात तो रेडिओ हाय का? हाव म्हणा न्हाई तर न्हाई म्हणा. असे हजारांनी प्रश्न. पोरगी बघायला आलेली मंडळी बी इतकं विचारत न्हाईत, आन् ती तर पार आज्याच्या आज्याचं गाव विचारतात.

दुसरं कुणी असतं तर कपाळ बडवलं असतं. हिला तेच आवडायचं. दुपारच्या टायमाला पोरं जेवायला गेली की ही एकेका मशीनपुढं मांडी घालून बसायची आन् हळू आवाजात उत्तरं द्यायची. "न्हाई रे, आपल्याकडं रेडिओ कुठला? हाव, हे हाय. हे बी हाय." उत्तरं संपली की दळण सुरू. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी वर सरकत राहायच्या, एकीमागं एक, थांबायचं नाव न्हाई. पंख्याचा ऊनऊन वारा गुडघ्याला लागायचा. आन् बाईसाहेब गेल्या! कुठं म्हणून विचारू नका. त्या ओळी तिला कधी कॅनॉलचं पाणी वाटायच्या, कधी कापसाच्या वेचणीला वाकत वाकत पुढं चाललेल्या बाया. कधी वाटायचं, आपणच त्या मशीनच्या आत एका लांबच लांब गल्लीत उभं हाव, दोन्ही बाजूला दारं, प्रत्येक दारातनं कुणीतरी विचारतंय, मला ओळखतीस का? आन् ही चालता चालता सगळ्यांना हात दाखवून राहिलीय.

"मेली का काय गं ही?" पारूबाई जेवायचा डबा घेऊन यायची ती दारातनंच ओरडायची.

"दळून राहिलेय आत्या."

"तू कुठं दळतीस! ते दळतंय. तू नुसती जात्याकडं बघत बसलीस."

आता हे एकदाच करून भागत असतं तर काही न्हाई. पण गाभा जुना होतो. त्यात कुठं कुठं भोकं सापडतात, भोकातनं चोर शिरतात, म्हणून काही महिन्यांनी नवा गाभा येतो. नवा आला की पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तरं, पुन्हा दळण, आन् पुन्हा नीट जागेवर बसवणं. अख्ख्या मुखेडात ते एकाच माणसाला येत होतं, आन् त्या माणसाला लातूरहून ऑर्डर आली.

लातूरच्या एका पॉलिटेक्निकात लॅब असिस्टंट. पक्की नोकरी. आनंदराजांनी ऑर्डर वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग टोपी घालून तडक बसस्टँडवर गेले आन् जुन्या दोस्तांत सगळ्यांना सांगून आले. डेपोतल्या वॉचमनला सांगितलं, कँटीनवाल्याला सांगितलं, निलंग्याच्या गाडीत बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याला बी सांगितलं. घरी आले आन् उंबऱ्यावर बसले ते बसलेच. चहा निवून गेला.

"मी जाणार न्हाई," धम्मप्रिया म्हणाली.

"कामून?"

"मशीनं कोण बघंल? पोरींच्या परीक्षा तोंडावर हायेत."

"मशीनचं निमित्त हाय," पारूबाई म्हणाली. "हिला सोयरीक आणली तवा बी असंच. पोरगा उदगीरचा म्हणलं तर म्हणते, लांब हाय. मुखेडचा म्हणलं तर म्हणते, लई जवळ हाय."

"आत्या!"

"मग काय खोटं बोलले?"

आनंदराजांनी ऑर्डरीची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "माय, तुझ्याशिवाय ती चालतील असं काही करता येत न्हाई का? एसटी बघ. ड्रायव्हर बदलतो, कंडक्टर बदलतो, गाडी थांबते का?"

लेकीनं बापाकडं बघितलं. बाप जमिनीकडं बघत होता. जा म्हणून राहिला होता का थांब म्हणून राहिला होता, त्याचं त्याला बी ठाऊक नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. धम्मप्रिया एक स्क्रिप्ट लिहिणार. स्क्रिप्ट म्हणजे मशीनला एकदाच सांगून ठेवलेलं काम, पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये म्हणून. नवा गाभा आला की मशीननं आपल्या प्रश्नांची उत्तरं आपणच द्यायची, आपणच दळायचं, आपणच बसवायचं. तिनं हात न लावता एक खेप नीट झाली तर ती लातूरला जाणार. न झाली तर न्हाई म्हणून कळवणार. जसं काही मशीनलाच विचारून राहिलेत, बाबा रे, ही जाऊ का?

तसं ह्या कामाचं तयार हत्यार मिळतं. पण ते साऱ्या जगाचं सामान उचलतं, लागो न लागो. आपल्या दमेकरी मशीनांना तेवढं दळता दळता उचकी लागली असती. म्हणून हिनं आपलं वेगळं केलं. स्क्रिप्टला सांगितलं, मशीन जागं झालं की आधी आपलं अंग चाचप. काय काय लागलेलं हाय, कोण कोण हाकेला ओ देतंय ते बघ. जे ओ देईल त्याला 'हाव', बाकी सगळ्यांना 'न्हाई'. मग दळ. नवा गाभा बसव, जुना फेकू नको, बाजूला जपून ठेव, आन् नव्या गाभ्यानं उठ. किती सरळ! लिहून झाल्यावर ती आपल्याशीच हसली. तिला दिसलं की हॉलात कुणी न्हाई, खिडकीतनं ऊन आत आलंय, आन् रांगेनं मांडलेली मशीनं एकेक करून डोळे उघडून आपापल्या अंगावरनं हात फिरवून राहिलीत. मला पाय हायेत. मला कान हायेत. तान्ही लेकरं पाळण्यात आपल्याच मुठीकडं बघतात ना, तशी.

परीक्षेला बाजाराचा दिवस धरला. त्या दिवशी अख्खं मुखेड बाजारात असतं, अभ्यासिका बंद. धम्मप्रिया मुद्दाम आदल्या दुपारीच नांदेडला मैत्रिणीकडं, दिपालीकडं गेली. घरी राहिली असती तर हात घातल्याशिवाय राहिली नसती. नवं सोर्स मशीनांत उतरवून ठेवलेलं होतं. हॉलातलं मेन बटन दाबून करंट आला की मशीनं आपोआप उठतील, अशी बी व्यवस्था होती.

"बाबा, सकाळी फक्त करंट द्यायचा. ध्यानात ऐका. दुसऱ्या कशालाच हात लावायचा न्हाई. एका बी वायरीला न्हाई."

"हाव."

"काय करायचं?"

"करंट द्यायचा. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई. तिकीट फाडत होतो पोरी, बहिरा न्हवतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली तवा हॉलाला कुलूप होतं. बाबा म्हणाले, दिवसभर आतनं घरघर चालू होती, मग सगळी गप झाली, मग मी मेन बंद केलं. पोरगी रात्रभर सुखानं झोपली.

सकाळी हॉल उघडला, पोरं आपापल्या जागी बसली, आन् जरा वेळानं नर्सिंगची तयारी करणारी सुकन्या धावत घरी आली.

"ताई, कीबोर्ड मेले!"

"कुणाचा?"

"सगळ्यांचे! माऊस बी. नेट बी न्हाई. हरिओम म्हणतो भूत लागलंय, त्यो बाहेर जाऊन उभा राहिलाय."

"हरिओमला पोलीस व्हायचंय ना?" चुलीपाशी बसलेली पारूबाई म्हणाली. "होईल, होईल."

धम्मप्रिया गेली. एक मशीन चालू केलं. सुरुवातीला कोणता गाभा घ्यायचा असं विचारणारी पाटी येते, तिथं कळा चालत होत्या. पाटी गेली, नवा गाभा जागा झाला, आन् हात बधिर झाल्यासारखा कीबोर्ड मुका. तिनं मशीन पुन्हा बंद करून चालू केलं, त्या पाटीवर जुना गाभा निवडला, तर सगळं जागच्या जागी. म्हणजे पोरांचं काम अडलं न्हाई, सगळी मशीनं जुन्या गाभ्यावर लागली. हरिओम बी आत येऊन बसला, काही झालंच न्हाई अशा तोंडानं.

पण नव्या गाभ्यात काय भरलंय ते तिनं उघडून बघितलं, तर कीबोर्डला 'न्हाई'. माऊसला 'न्हाई'. नेटसाठी मागं खोचायची ती बोटाएवढी कांडी असते, वायफायची, तिला बी 'न्हाई'. ती लातूरला असती तर तिथनं नेटवरनं आत हात घालून दुरुस्त करावं म्हणावं, तर ते दारच बंद. मशीननं आपलं अंग चाचपलं होतं आन् त्याला हातच सापडले नव्हते.

ती घरी आली. "बाबा, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वायरी काढल्या होत्या का?"

"काढल्या की. रोजच काढतो. त्या दिवशी तर आभाळ किती गडगडलं!"

आता आपल्याकडं हे कुणाला सांगायला पाहिजे? आभाळ वाजलं की टीव्हीची पिन काढ, फ्रिजची काढ, मोटरीचा खटका पाड. वीज कुणाच्या घरात कुठल्या वायरीनं शिरंल, नेम न्हाई. आनंदराज तर शिस्तीचा माणूस. रोज संध्याकाळी ते मशीनाच्या मागनं सगळ्या वायरी उपसायचे. करंटच्या, कीबोर्डच्या, माऊसच्या, नेटची कांडी. वर परत उंदराची भीती, म्हणून सगळ्यांचं पंच्यात गठुडं बांधून फळीवर. सकाळी पोरं येऊन आपापलं जोडून घ्यायची. इतकं रोजचं की धम्मप्रियाच्या डोळ्याला ते दिसायचंच बंद झालं होतं.

"मग सकाळी जोडल्या का न्हाई?"

"करंटच्या जोडल्या."

"आन् बाकीच्या?"

आनंदराज उभेच राहिले. "तूच म्हणालीस, दुसऱ्या कशाला हात लावू नका! लावला का मी? गठुडं फळीवर होतं, फळीवरच ऱ्हायलं. एका वायरीला बोट लावलं असंल तर सांग."

पारूबाई भाताचा चमचा हातात घेऊन अशी हसली, अशी हसली की शेजारची म्हैस वळून बघायला लागली. हसता हसता तिच्या जिभेवर जे आलं ते मात्र यायला नको होतं.

"मुद्दाम केलंस, आनंदा! लेक जाऊ नये म्हणून केलंस तू हे!"

आनंदराजांचं तोंड उतरलं. त्यांनी टोपी घेतली आन् बाहेर पडले. माणूस रुसला की बसस्टँडवर जाऊन बसतो, ही त्यांची जुनी खोड.

"मी न्हाई म्हणून कळवते लातूरला," धम्मप्रिया म्हणाली.

"अगं, बापाला सांगून ठेव की सगळ्या वायरी जोडा म्हणून. त्यात काय एवढं?"

"तसं चालत न्हाई आत्या. आज बाबा ध्यानात ठेवतील. उद्या कुणी कांडी खिशात घालून नेईल, परवा एखादा माऊस दुरुस्तीला जाईल. नेमकं त्याच वेळी दळण झालं की तो कायमचा परका. कुणीतरी ध्यानात ठेवायलाच लागत असंल तर मग आपोआप काय राहिलं?"

पारूबाईला ह्यातलं निम्मं कळलं. जे कळलं न्हाई त्याच्यावर ती पीठ मळायला बसली.

दुपार चढली. तव्याचा वास, बाहेर कुठंतरी होला घुमून राहिलेला. धम्मप्रिया भिंतीला टेकून आत्याच्या हातांकडं बघत बसली. पीठ गोल फिरत होतं, पसरत होतं, उचलून तव्यावर जात होतं. एक झाली, दुसरी झाली. परातीत पुन्हा पीठ पडलं. पुन्हा एक. टोपल्यात भाकरीवर भाकर चढून राहिली, आन् पोरगी हळूहळू निघाली आपल्या त्या गल्लीत, दोन्ही बाजूला दारं असलेल्या. पण आज दारं बंद होती. आत माणसं होती, त्यांचा श्वास ऐकू येत होता, पण कुणी ओ देत नव्हतं. हिनं एका दाराला कान लावला, तर आत भाकर थापल्याचा आवाज.

"आत्या," ती म्हणाली, "आपण दोघीच तर हाव जेवायला. इतक्या कशाला?"

"दोघीच कशा? तुझा बाप हाय."

"ते तर स्टँडवर हायेत."

"आन् सत्यम?" सत्यम म्हणजे पारूबाईचा लेक, भोकरला एका दुकानात होता, सवड झाली की यायचा.

"त्यो तर भोकरला हाय! येणार बी न्हाई आज."

"न्हाई तर न्हाई येणार. आला तर?" पारूबाईनं भाकर उलटी केली. "ताटावर दिसतात तेवढ्यांचंच मोजून थापायला ही काय खानावळ हाय? घरातलं माणूस गावाला गेलं म्हणून घरातलं न्हाई का ऱ्हात? एकदा ह्या चुलीवरची भाकर ज्यानं खाल्ली, त्याचं पीठ परातीत पडतंच. आपण म्हणलं तरी हात ऐकत न्हाई."

धम्मप्रिया उठून बसली.

"आत्या, पुन्हा म्हण."

"काय म्हणू? सत्यम भोकरला हाय?"

"न्हाई, त्याच्या पुढचं!"

"आता आलं का ध्यान! एवढा वेळ गाढवापुढं—" पण पोरगी चप्पल न घालताच हॉलाकडं पळाली होती.

आता तिनं काय केलं ते सांगते, अवघड न्हाई. आधीची स्क्रिप्ट विचारायची, आत्ता घरात कोण हाय? नवी विचारणार होती, ह्या घरात आजवर कोण कोण येऊन गेलं? प्रत्येक मशीनला तिनं एक आठवण लावून दिली. एकदा का एखादी वस्तू जोडली गेली, कीबोर्ड म्हणा, माऊस म्हणा, कुणा पाहुण्याचा पेनड्राइव्ह म्हणा, की मशीननं तिची ओळख पुसायची न्हाई. दळायच्या वेळी ती फळीवर गठुड्यात असो न्हाई तर भोकरला असो, तिला 'हाव'च. संध्याकाळी हॉलातली सगळी पोरं कामाला लावून तिनं गठुड्यात जाणारी एकेक वस्तू एकेका मशीनाला जोडायला लावली, ओळखी करून दिल्या. नव्या सुनेला भावकीत फिरवतात तशा.

आनंदराज दिवेलागणीला आले. लेक हॉलाच्या पायरीवर बसली होती. ते बी बसले.

"मुद्दाम न्हाई केलं मी," ते म्हणाले.

"मला ठाव हाय, बाबा."

"पण एक सांगू का?" ते रस्त्याकडं बघत होते. "सकाळी ती पोरगी ओरडत आली ना, कीबोर्ड मेले म्हणून. तवा मला... मला जरा बरं वाटलं."

धम्मप्रियानं पायरीवरचा एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. मग म्हणाली, "मला बी."

दोघं तसंच बसून राहिले. आत पोरं टेस्ट सोडवून राहिली होती, कळांची टकटक येत होती. बापानं विचारलं न्हाई की आता नीट झालं का. झालं होतं हे त्यांना लेकीच्या खांद्यावरनंच कळलं होतं. नीट झालं की बहाणा संपतो, हे बी दोघांना कळत होतं. पण बोलल्याप्रमाणं एक खेप हात न लावता व्हायला पाहिजे होती, आन् तिला हजर व्हायची तारीख तर पुढल्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशीची.

म्हणून असं झालं की त्या बाजाराच्या दिवशी सकाळी आनंदराजांनी मेन दाबलं, आन् दुपारी लेकीला स्टँडवर पोचवायला गेले. दळण संपलेलं नव्हतं. काही बिघडलं तर ती लातूरच्या स्टँडवरनंच उलटी फिरणार, असं सांगूनच निघाली होती. पारूबाईनं बांधून दिलेलं धपाट्याचं गठुडं एवढं होतं की कंडक्टर म्हणाला, ह्याचं लगेज लावू का?

"वायरी काढल्या होत्या ना रात्री?" तिनं खिडकीतनं विचारलं.

"सगळ्या. गठुडं फळीवर."

"हात लावला न्हाई ना?"

"न्हाई."

"झालं की सांगा."

"हाव." गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. सवयीनं गाडीच्या पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारली, डबल बेल. तिथल्या तिथं ओशाळले. गाडी आता त्यांची नव्हती.

जांब गेलं. उन्हात तुरीची रानं, मधेच एखादं एकटं बाभळीचं झाड, त्याच्या सावलीत त्याच्याएवढ्याच शांत शेळ्या. खिडकीतनं येणारा वारा मशीनाच्या पंख्यासारखाच ऊन होता, आन् पोरगी गेली. तिला दिसलं की हॉलाला कुलूप हाय, आत मशीनं जागी झालीत. अंग चाचपून बघतात, हात न्हाईत, बोलायला तोंड न्हाई. पण ह्या खेपेला ती घाबरली न्हाईत. मला हात होते, एक म्हणालं. कुठं गेलेत? गावाला गेलेत, दुसरं म्हणालं, येतील. मग पांढऱ्या ओळी सुरू झाल्या, त्या भिंतीवरनं, खिडकीतनं, विहाराच्या पायऱ्यांवरनं उतरून रस्त्याला लागल्या आन् एसटीच्या मागं मागं वाहत निघाल्या. शिरूर ताजबंद आलं का गेलं, तिला कळलं बी न्हाई. शेजारच्या बाईचं लेकरू तिच्या खांद्यावर झोपलं होतं, आन् ती दोघं एकाच झोपेत हायेत असं वाटत होतं.

चाकूर मागं पडलं तवा फोन थरथरला.

मेसेज होता. पण बापाच्या फोनवरनं न्हाई. अभ्यासिकेच्या नावानं होता, हॉलातल्या मशीनवरनं आलेला. म्हणजे कांडी ओळखली गेली होती. कीबोर्ड ओळखला गेला होता. आन् त्या कीबोर्डवर कुणीतरी, ज्यानं जन्मात कधी त्यावर बोट ठेवलं नव्हतं, एकेक कळ शोधून लिहिलं होतं:

चालु हाय

तिनं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, बापानं ऑर्डर वाचली होती तसं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मग दुसरा मेसेज आला, बऱ्याच वेळानं:

उतरलीस का

न्हाई, अजून गाडीतच, तिनं लिहिलं. जेवले का तुम्ही?

तिकडनं पडद्यावर ते तीन ठिपके हलायला लागले, समोरचा माणूस लिहून राहिलाय म्हणून सांगतात ते. हलले, थांबले, पुन्हा हलले. तिला दिसत होतं, चष्मा कपाळावर, एक बोट हवेत, ज्या अक्षराची गरज हाय तेच नेमकं कळांमध्ये कुठंतरी लपलेलं. गाडीनं वळण घेतलं. लातूरची घरं आली, दुकानांच्या पाट्या आल्या, रिक्षा आल्या, आन् ठिपके हलतच होते. गाडी स्टँडात शिरली, थांबली. माणसं उठली, बोचकी उतरली, झोपलेलं लेकरू आईच्या खांद्यावर गेलं. गाडी रिकामी झाली. धम्मप्रिया फोनकडं बघत बसलेली.

"ओ ताई," कंडक्टर दारातनं म्हणाला, "लातूर आलं. उतरायचं न्हाई का?"

"उतरते की," ती म्हणाली, "एवढं जरा थांबा. माझे बाबा अजून लिहून राहिलेत."